हंगामी कारखाना आणि बारमाही आजार : सातारा-सांगलीतील कामगारांच्या आरोग्यविम्याची चिकित्सा

प्रास्ताविक

कामगाराच्या आजारपणाचा भार कोणी उचलावा, हा प्रश्न वरकरणी वैद्यकशास्त्राचा किंवा विमाव्यवसायाचा वाटतो. वस्तुतः तो मालक-कामगार संबंधांचा प्रश्न होय. कामगार अंथरुणाला खिळला की त्याच्या घरावर दोन संकटे एकाच वेळी कोसळतात. दवाखान्याचे बिल हे त्यांतील एक. बुडालेला पगार हे दुसरे, आणि अनेकदा अधिक मोठे. गेल्या दोन दशकांत आरोग्यविम्याविषयी आपल्याकडे जे बोलले आणि लिहिले गेले ते बहुतांशी पहिल्या संकटाविषयी. दुसऱ्या संकटाची जबाबदारी एके काळी कायद्याने मालकावर आणि विमा निधीवर टाकलेली होती. ती हळूहळू कामगाराच्याच अंगावर कशी परतली, याची चिकित्सा सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात करण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. या दोन जिल्ह्यांची निवड करण्याचे कारण असे की, येथील सर्वांत प्रभावी उद्योग कामगार विम्याच्या कक्षेत कधी आलाच नाही. जेथे विमा होता तेथे तो आक्रसला, आणि जेथे नव्हता तेथे त्याची उणीव कोणाला फारशी खटकली नाही. या दोन्ही गोष्टी येथे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात.

कायद्याने काय देऊ केले होते

औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम ब्रिटिश सरकारने १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये सादर झाला. त्याच्या आधारे १९४८ मध्ये कामगार राज्य विमा कायदा संमत झाला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये ती मुंबईत आली. स्वातंत्र्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, अन्नधान्याचीही विवंचना असलेल्या देशाने असा कायदा करावा, ही गोष्ट आज पुन्हा आठवण्यासारखी आहे.

या कायद्याचे वैशिष्ट्य केवळ औषधोपचारात नव्हते. विमाधारक कामगार आजारी पडला तर त्याला वर्षात ९१ दिवसांपर्यंत रोख आजारलाभ मिळावा, अशी त्यात तरतूद होती. या लाभाचा दर पुढे सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्क्यांपर्यंत वाढला. क्षयरोगासारख्या दीर्घ आजारांत तो ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत देता येतो. कलम ७३ ने आजारलाभ घेत असलेल्या कामगाराला कामावरून काढण्यास मनाई केली होती. कलम ७२ ने, वर्गणीचा भार पडतो म्हणून पगार किंवा अन्य सवलती कमी करण्यास मालकाला प्रतिबंध केला होता. आजारी असण्याची शिक्षा कामगाराला होऊ नये, हे तत्त्व या दोन कलमांत जितके स्पष्ट उतरले आहे तितके अलीकडच्या कोणत्याही आरोग्य योजनेत उतरलेले दिसत नाही.

‘हंगामी’ या शब्दाची व्याप्ती

परंतु याच कायद्याच्या पहिल्या कलमातच एक अपवाद होता. कायदा सर्व कारखान्यांना लागू होईल, ‘हंगामी कारखाने वगळून’. आडारकरांची मूळ योजना बारमाही चालणाऱ्या निवडक उद्योगांपुरती होती. तिचे परीक्षण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञांनी ती सर्व बारमाही कारखान्यांना लागू करण्याची शिफारस केली. त्या वेळी हे समजण्यासारखे होते. वर्गणी सलग जमा व्हावी, नोंदी ठेवता याव्यात, कामगार एका ठिकाणी टिकून असावा, या विम्याच्या व्यवहारी गरजा होत्या.

मात्र हंगामी कारखाना कोणता, हे कायद्याने कसे ठरवले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. कापूस पिंजणे व दाबणे, भुईमूग फोडणे, कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर (गुळासह) किंवा चहा यांचे उत्पादन, यांपैकी केवळ एक किंवा अधिक कामे करणारा कारखाना म्हणजे हंगामी कारखाना. वर्षात सात महिन्यांहून अधिक नाही, अशी कालमर्यादा व्याख्येत आहे खरी, पण ती चहा-कॉफीचे मिश्रण व बांधणी अशा कामांना आणि सरकार अधिसूचित करील अशा अन्य प्रक्रियांना लावलेली आहे. साखरेला ती लावलेली नाही. म्हणजे साखर कारखाना किती महिने चालतो हे पाहण्याचे कारणच उरत नाही. तो साखर करतो, एवढ्यावरून तो हंगामी ठरतो. येथे ‘हंगाम’ हा शब्द दिनदर्शिकेवरून ठरलेला नसून मालाच्या नावावरून ठरलेला आहे.

१९४८ मध्ये या व्याख्येचा फटका पश्चिम महाराष्ट्राला किती बसेल, हे कोणाला दिसणे शक्य नव्हते, कारण तेव्हा कृष्णा-कोयनेच्या काठी सहकारी साखर कारखानदारी उभीच राहिलेली नव्हती. ती पुढच्या दशकांत उभी राहिली. सांगलीत वसंतदादा पाटील यांच्या पुढाकाराने, साखराळ्यात राजारामबापूंच्या, रेठऱ्यात, यशवंतनगरात, भुईंजला, शेंद्रेला, दौलतनगरला, असे एकामागून एक कारखाने झाले. जिल्ह्याचे राजकारण, शिक्षण, बँका, दूधसंघ सारे त्यांच्याभोवती फिरू लागले. या कारखान्यांच्या धुराड्यांखाली काम करणारा माणूस मात्र विम्याच्या कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हता. आणि आजचा साखर कारखाना केवळ साखर करतो असे म्हणणेही कठीण आहे. त्याला जोडून आसवनी असते, इथेनॉल असते, सहवीजनिर्मिती असते. परंतु ‘आनुषंगिक प्रक्रिया’ हे दोन शब्द व्याख्येत असल्यामुळे हा वाद नेहमी मालकाच्या बाजूने ओढता येतो.

सवलत आणि हक्क

साखर कारखान्यातील कामगारांची उतरंड बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. कायम, हंगामी कायम, रोजंदारी आणि कंत्राटी अशा तिच्या पायऱ्या आहेत. हंगामी कायम कामगाराला गळीत संपल्यावर घरी बसावे लागते. त्या काळात त्याला रिटेन्शन अलाउन्स मिळतो, म्हणजे पगाराचा काही हिस्सा. प्रस्तुत लेखकाचे वडील अशाच एका कारखान्यात मिल विभागात हंगामी कायम होते. एका गळिताच्या ऐन भरात त्यांना कावीळ झाली आणि दीड महिना घरी राहावे लागले. शिल्लक रजा आठवड्याभरात संपली. उरलेले दिवस बिनपगारी झाले. दवाखान्याचा खर्च आणि घरखर्च दोन्ही भागले ते कामगारांच्या पतपेढीतून काढलेल्या कर्जावर. ते फिटायला दोन गळीत हंगाम लागले. घरात याविषयी कोणी तक्रार केल्याचे आठवत नाही. आजार आला की पतपेढी, हा क्रम सर्वांना पावसाळा-हिवाळ्याइतका स्वाभाविक वाटत असे. साखर कामगाराचा खरा आरोग्यविमा ही त्याची पतपेढीच होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. फरक इतकाच की, या विम्याचा हप्ता आजारी पडल्यानंतर आणि व्याजासह भरावा लागतो.

सातारा-सांगलीत रुग्णालयांची वाण आहे असेही नाही. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या मिशन रुग्णालयामुळे त्या गावाची वैद्यकनगरी अशी ओळख झाली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तेथे १९६२ मध्ये आले. कऱ्हाडला कृष्णा रुग्णालय उभे राहिले. सहकाराच्या नेतृत्वाने या भागात शिक्षण आणि आरोग्याच्या संस्था उभारल्या, हे मान्यच करावे लागते. प्रश्न आहे तो कामगार त्या दारात कोणत्या नात्याने उभा राहतो याचा. अध्यक्षांचे पत्र, संचालकाचा फोन, गावच्या पुढाऱ्याची ओळख यांमधून बिलात जी सूट मिळते ती सवलत असते. सवलतीला कृतज्ञता द्यावी लागते, आणि निवडणुकीत तिची आठवण ठेवावी लागते. विमापत्र हातात असलेल्या कामगाराला यांपैकी काहीच करावे लागत नाही. कामगार विम्याची अनुपस्थिती या भागात फारशी कोणाला खटकली नाही, याचे एक कारण या व्यक्तिगत सवलतींच्या जाळ्यात शोधावे लागेल. कामगार संघटनाही यास सर्वस्वी अपवाद नाहीत. राज्यपातळीवरील त्रिपक्षीय वाटाघाटींत २०२१ मध्ये १२ टक्के आणि २०२५ मध्ये १० टक्के वेतनवाढ पदरात पडली, आणि त्या आकड्यांची चर्चा झाली. आजारी दिवसाच्या वेतनाचा मुद्दा तेवढ्या आवाजात ऐकू येत नाही.

खाडा

कारखान्याच्या फाटकाबाहेर, उसाच्या फडात, परिस्थिती याहून कठोर आहे. बीड व मराठवाड्याच्या अन्य भागांतून दरवर्षी ऊसतोड कामगार या दोन जिल्ह्यांत येतात. ते कारखान्याचा ऊस तोडतात, कारखान्याचा चिटबॉय त्यांच्या फडाची नोंद करतो, पण ते कारखान्याचे कामगार नसतात. व्यवहार मुकादमाशी, आणि मुकादमाकडून घेतलेल्या उचलीशी असतो. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. एक जण आजारी पडला की कोयता मोडतो. त्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात, आणि खाड्याचा दंड उचलीत मिळवला जातो.

१९४८ च्या कायद्याशेजारी हा शब्द ठेवून पाहावा. एकीकडे आजारी दिवसाचे ७० टक्के वेतन कामगाराला द्यावयाचे, दुसरीकडे त्याच आजारी दिवसाचे पैसे कामगाराने द्यावयाचे. या व्यवस्थेची परिणती कोठवर जाते ते बीड जिल्ह्यातील गर्भाशय शस्त्रक्रियांच्या प्रकरणात २०१९ मध्ये उघड झाले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले असल्याचे आढळले. त्यामागे अनेक कारणे आहेत. परंतु दुखणे अंगावर काढता येत नाही आणि त्यासाठी खाडाही परवडत नाही, ही कोंडी त्या आकड्यातून वगळता येत नाही. पुढे गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपावर प्रतिटन १० रुपये आकारण्याची आणि तेवढीच रक्कम शासनाने घालण्याची तरतूद झाली. ही तरतूद महत्त्वाची आहे ती एका कारणासाठी. फडातल्या माणसाच्या सुखदुःखाशी कारखान्याचा संबंध आहे, हे तिच्यामुळे प्रथमच टनाच्या हिशेबात मान्य झाले.

ज्यांच्याकडे विमापत्र होते

या दोन जिल्ह्यांतील काही माणसांना मात्र हा विमा अनेक वर्षे लाभला होता, पण तो मुंबईत. पाटण, जावळी, शिराळा या डोंगरी भागांतून गेलेले गिरणी कामगार ईएसआयचे विमाधारक होते. परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय आणि वरळीचे विमा रुग्णालय ही नावे त्यामुळे सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यांमध्येही परिचित होती. कापसाच्या तंतूंनी होणारा फुप्फुसाचा विकार व्यावसायिक रोगांच्या यादीत होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर हजारो माणसे गावी परतली. वर्गणी थांबली की लाभ थांबतो, असा विम्याचा नियम आहे. किमान पाच वर्षे विमाधारक राहून नियत वयोमानाने निवृत्त होणाऱ्याला वर्षाला नाममात्र १२० रुपये भरून पत्नीसह औषधोपचार चालू ठेवता येतात. संपात नोकरी गेलेला माणूस त्या अर्थाने निवृत्त नसतो. छातीतला कापूस गावी आला, विमापत्र मुंबईतच राहिले. नोकरीला बांधलेल्या विम्याची ही मूळ कमजोरी आहे, आणि १९४८ च्या कायद्याचे कितीही कौतुक केले तरी ती झाकता येत नाही.

औद्योगिक वसाहतींतील आक्रसणारा विमा

किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली. साताऱ्याजवळ धनजीशा कूपर यांचा कारखाना त्यानंतर उभा राहिला. अभियांत्रिकीची ही जुनी परंपरा आणि नंतरच्या सातारा, तासवडे, शिरवळ, कुपवाड, पलूस येथील वसाहती, येथे कामगार विम्याचा कायदा लागू होऊ शकतो. पण येथेही परीघ लहान होत गेला आहे, आणि त्याची यंत्रणा गुंतागुंतीची आहे.

पहिले कारण वेतनमर्यादा. ती २००४ मध्ये ७,५०० रुपये होती. २००६ मध्ये १०,०००, २०१० मध्ये १५,००० आणि १ जानेवारी २०१७ पासून २१,००० झाली. १३ वर्षांत तीन वेळा वाढलेली ही मर्यादा २०२५ अखेरपर्यंत तेथेच थांबली. दरम्यान महागाईबरोबर पगार वाढतच गेले. परिणाम असा की, युनियनने झगडून मिळवलेली वेतनवाढ एखाद्या कामगाराला मर्यादेपलीकडे ढकलते आणि चालू वर्गणी कालावधी संपला की तो विम्याबाहेर पडतो. दुसरीकडे १ जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी ४.७५ टक्क्यांवरून ३.२५ टक्क्यांवर आणली गेली, म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांशाने कमी केली. कामगाराचा वाटाही १.७५ वरून ०.७५ टक्क्यांवर आला, हे खरे. निधीत शिल्लक पडून होती म्हणून हे केले, असा युक्तिवाद करता येईल. परंतु शिल्लक होती तर ती रुग्णालये आणि दवाखान्यांवर का खर्च झाली नाही, हा प्रश्न सातारकराने विचारावयास हवा. साताऱ्यात १०० खाटांचे विमा रुग्णालय उभारण्यास तत्त्वतः मंजुरी मिळाली ती २०२२ मध्ये, कायदा झाल्यावर ७४ वर्षांनी.

मर्यादेपलीकडे गेलेल्या कामगारासाठी कंपनीचा सामूहिक मेडिक्लेम असतो. मेडिक्लेम आपल्याकडे १९८६ मध्ये आला. अनेक वर्षे विमा कंपन्या कारखान्याचा आगीचा विमा मिळावा म्हणून कामगारांचा आरोग्यविमा स्वस्तात देत असत. १ जानेवारी २००७ पासून आगविम्याचे ठरावीक दर गेले, आगविम्यातील नफा घटला आणि ही स्वस्ताई संपली. हप्ता वाढला की कंपनी तो तीन ठिकाणी वाचवते. आईवडिलांचे संरक्षण काढले जाते, बिलातील काही हिस्सा कामगारावर टाकला जातो, किंवा कायम कामगारांची संख्याच कमी केली जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य पॉलिसींवरील वस्तू व सेवा कर माफ झाला. सामूहिक पॉलिसींना ती माफी मिळाली नाही. वैयक्तिक पॉलिसी घेऊ शकणाऱ्याला सूट आणि कामगारांसाठी सामूहिक पॉलिसी घेणाऱ्या मालकावर कर, असा हा उलटा न्याय आहे. आणि या साऱ्यातील कोणतीही पॉलिसी बुडालेला पगार देत नाही.

तिसरे कारण कंत्राटीकरण. १९४८ च्या कायद्याने कंत्राटी कामगाराची वर्गणी भरण्याची प्राथमिक जबाबदारी मूळ मालकावर टाकली होती. व्यवहारात कंत्राटदार बदलतो, नोंदणी नव्याने होते, आणि आजारलाभासाठी आवश्यक असलेले वर्गणी कालावधीतील ७८ दिवस भरत नाहीत. ही परिस्थिती केवळ कारखान्यातील आहे असे समजण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखकाने पूर्णवेळ नियुक्ती मिळण्यापूर्वी तासिका तत्त्वावर काही वर्षे अध्यापन केले आहे. तासाला मानधन, आजारी दिवसाला काही नाही. घंटेनुसार पैसे घेणारा प्राध्यापक आणि टनानुसार पैसे घेणारा तोडणी कामगार यांच्या उत्पन्नात अंतर आहे. आजारी दिवसाच्या बाबतीत ते अंतर फारसे उरत नाही.

बिल आणि वेतन

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. शासनाची योजना असताना मालकाच्या विम्याची गरज काय? राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. दीड लाखाची मर्यादा २०२४ मध्ये पाच लाखांवर गेली. हृदयशस्त्रक्रियेने किंवा कर्करोगाने घर उद्ध्वस्त होण्यापासून या योजनेने अनेकांना वाचवले आहे, आणि तिची थट्टा करणे अनुचित ठरेल.

तरीही ती कामगार विम्याची जागा घेऊ शकत नाही. ती रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. कंबरदुखी, कावीळ, मधुमेहाच्या गोळ्या, डोळ्यांत उडालेला कीस, अशा कामगाराच्या रोजच्या दुखण्यांना तिच्यात जागा नाही. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सहा आठवडे विश्रांती सांगतात. त्या सहा आठवड्यांत चूल कशी पेटावी, याविषयी योजना मौन बाळगते. विट्याच्या यंत्रमागावर मीटरप्रमाणे मजुरी घेणारा कामगार म्हणूनच टाके पूर्ण भरण्याआधी मागावर उभा राहतो. याखेरीज एक तात्त्विक बदल घडतो तो वेगळाच. खर्च सार्वजनिक तिजोरीतून होऊ लागला की कामामुळे जडलेल्या आजाराचा आणि मालकाचा संबंध हिशेबातून नाहीसा होतो. भट्टीची उष्णता आणि बगॅसची धूळ कारखान्यात राहते, बिल मात्र शासनाकडे जाते.

मालकाकडून वर्गणी घ्यावी पण लाभ एका मालकाला बांधू नये, असा मार्ग महाराष्ट्राला अपरिचित नाही. पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. हमालाला रोज वेगवेगळा व्यापारी काम देतो, पण लेव्ही मंडळाकडे जमा होते, आणि भविष्यनिर्वाह निधी, वैद्यकीय साहाय्य मंडळाकडून मिळते. सांगलीच्या हळदीच्या बाजारात पोती उचलणारा हमालही या कायद्याच्या छत्राखाली येतो. लेव्हीवरून वाद होतात, बोगस माथाडींच्या तक्रारी होतात, हे सर्व खरे. पण ‘हंगामी असल्यामुळे विमा अशक्य’ या जुन्या युक्तिवादाचे उत्तर साखर कारखान्यापासून काही मैलांवर, हळदीच्या पेठेत, पन्नासहून अधिक वर्षे उभे आहे.

नव्या संहितेपुढील प्रश्न

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. १९४८ चा कायदा तिच्यात विलीन झाला. धोकादायक व्यवसायात एक कामगार असला तरी विमा लागू करण्याची तरतूद, ॲपवरून काम करणाऱ्यांचा उल्लेख, या गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु पहिल्या अनुसूचीत ‘हंगामी कारखाना वगळून’ हे शब्द जसेच्या तसे आले आहेत, आणि व्याख्येतील निळीपासून साखरेपर्यंतची यादीही तीच आहे. नीळ पिकवणारा महाराष्ट्र कोणी पाहिलेला नाही. इतक्या वर्षांनी कायदा नव्याने लिहिताना ती यादी पुन्हा एकदा वाचावी, असे कोणाला वाटले नाही, याचा खेद वाटतो.

संहितेत एक फट मात्र आहे. मालक आणि बहुसंख्य कामगार यांची सहमती असेल तर आस्थापनेला विम्याचे प्रकरण स्वेच्छेने लागू करून घेता येते. हंगामी कारखान्याला ही वाट कितपत खुली आहे, याचा निर्णय विमा महामंडळाकडे लेखी मागितला पाहिजे, आणि तो मागण्यास सहकारी कारखान्याइतकी योग्य आस्थापना दुसरी नाही, कारण तेथे मालक म्हणजे सभासद शेतकरी, आणि कामगार पुष्कळदा त्याच शेतकऱ्याचा मुलगा. तोडणी कामगारांसाठी मार्ग वेगळा असेल. उसाची रास्त व किफायतशीर किंमत थकवणाऱ्या कारखान्याचा गाळप परवाना साखर आयुक्त अडवून धरू शकतात. मागील हंगामात किती कोयत्यांच्या उचलीत खाड्याचा दंड मिळवला, याचा तक्ता त्याच परवान्याच्या अर्जासोबत मागवता येईल.